वऱ्हाडच्या जिनांतील लेकुरवाळ्या

आपल्या ज्ञातीतील कित्येक लेकी-सुना आज शाळांत, दवाखान्यांत, बँकांत नोकरी करितात. बाळंतपणाची पगारी रजा हा त्यांस आपला हक्क वाटतो, आणि तो आहेच. परंतु आपल्या मुलखात हा हक्क कोणाच्या वाट्यास आला व कोणाच्या नाही, हा इतिहास घरोघरी फारसा ठाऊक नाही.

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. तथापि वाशीम व कारंजा ही कापसाची ठाणी फार जुनी. तेथे सरकी काढण्याचे कारखाने, म्हणजे आपल्या बोलीतील ‘जिन’, उभे राहिले, आणि कापूस निवडणे, रेच्यांवर घालणे ही कामे स्त्रियांच्या हाती आली. तान्हे मूल ठेवावे कोठे? १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात कारखान्यांतून गोणपाटावर, धुळीत निजविलेल्या अर्भकांचा उल्लेख आहे; कामावर जाताना आया मुलांस अफू देत, हेही त्यात नमूद आहे. त्या मातांस दोष देणे सोपे. पण घरी बसावे तर चूल पेटत नव्हती.

कायदा सावकाश आला. नारायण मल्हार जोशी यांचे १९२४ चे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात नामंजूर झाले. मुंबई इलाख्यात १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अशा विधेयकाचा जोरदार पुरस्कार केला व १९२९ मध्ये कायदा झाला. पुढच्याच वर्षी मध्यप्रांतानेही तो केला.

खरी मेख मात्र दिवसांच्या हिशेबात होती. जिनाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि उन्हाळ्याच्या तोंडी संपे. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले; त्यांत सरकी काढण्याचे कारखाने तर नाव घेऊन घातले. १९६१ च्या केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्याने प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत १६० दिवस कामाची अट ठेविली. पाच महिन्यांचा हंगाम धरला, तरी आठवड्याची सुटी वजा जाता दिवस भरतात सुमारे १३०. म्हणजे एकही खाडा न करणारी बाईसुद्धा अटीबाहेर! ही अट ८० दिवसांवर आली ती १९८८ च्या दुरुस्तीने. मध्ये सत्तावीस वर्षे गेली.

२०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. शेतात कापूस वेचून वजनावर मजुरी घेणारी बाई मात्र त्या कायद्याच्या कक्षेत कधी नव्हतीच. त्याच वर्षी आलेल्या मातृवंदना योजनेत तिला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठरले, तेही आरंभी तीन हप्त्यांत.