मॅडन एनएफएल: डिफेन्स करताना बॉल हिसकावायचा कसा?

मॅडन हा अमेरिकन फुटबॉलचा गेम. यात समोरच्या टीमने बॉल गमावला की त्याला टर्नओव्हर म्हणतात. मुख्य प्रकार दोन: पास हवेतच पकडला तर इंटरसेप्शन, हातातून सुटलेला बॉल उचलला तर फंबल.

इंटरसेप्शन: मी बहुतेक वेळा कव्हर 3 झोन लावतो. झोनमध्ये डिफेंडरची नजर क्वार्टरबॅकवर असते. मॅन कव्हरेजमध्ये तो रिसीव्हरच्या मागे पळत असतो. मधला लाइनबॅकर स्वतः चालवा. समोरचा तोच पास परत परत टाकतोय असं दिसलं, की मुद्दाम ती जागा मोकळी सोडा आणि बॉल सुटताना तिथे घुसा. प्लेस्टेशनवर बॉल पकडायला त्रिकोण, नुसता उडवायला चौकोन.

फंबल: उजवी स्टिक वर झटकली की हिट स्टिक, म्हणजे जोरदार धडक. आर1 दाबलं की बॉल ओढायचा प्रयत्न. दोन्हींत टॅकल हुकू शकतं. म्हणून मदतीला आपला दुसरा खेळाडू जवळ असेल तरच हे करा. शेवटचा डिफेंडर तुम्हीच असाल तर साधं टॅकल बरं.

चौथा डाउन: इथे बरेच जण फसतात. लांबचा पास आला तर पकडू नका, खाली पाडा. पास अपुरा राहिला की बॉल तसाही तुमचाच, आणि तोही जिथून प्ले सुरू झाला तिथून. पकडलात तर कदाचित 30-40 यार्ड मागून सुरुवात करावी लागेल.