हौसेचा ड्रोन: उडवण्याआधी वजन बघा, पैसे घेत असाल तर परवानाही

लग्नाची वरात, जत्रा, बैलगाडा शर्यत, काहीही असो, आता वर ड्रोन घोंघावतोच. घरच्या हौसेसाठी ड्रोन घेणारी पोरंही वाढलीत. पण याला कायदा आहे, हे बऱ्याच जणांना पोलीस दारात आल्यावर कळतं. केंद्र सरकारचे 'ड्रोन नियम २०२१' हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत आणि ते खेड्यातही तेवढेच चालतात.

सगळं वजनावर ठरतं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो', २ ते २५ किलो 'स्मॉल'. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, विम्याचीही सक्ती नाही. मायक्रो मात्र नोंदवावा लागतो. डीजीसीएच्या ऑनलाइन नोंदणीत त्याला ओळख क्रमांक मिळतो, त्यालाच यूआयएन म्हणतात. त्याचा थर्ड पार्टी विमाही काढावा लागतो. सेकंडहँड घेतला तर गाडीसारखा नावावर करून घ्यायचा.

खरी गोम पुढं आहे. मायक्रो ड्रोन हौसेनं उडवला तर प्रमाणपत्राची गरज नाही. पण तोच ड्रोन घेऊन लग्नाची सुपारी घेतली, पैसे घेतले, की तो धंदा झाला आणि 'रिमोट पायलट' प्रमाणपत्र लागतं. गावोगावचे शूटिंगवाले नेमके इथंच अडकतात. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण लागतं. ते १० वर्षं चालतं. पूर्वी पासपोर्टची अट होती. २०२३ पासून मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. फवारणीचे ड्रोन वजनदार असतात, त्यामुळे ते चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतंच, शेत स्वतःचं असलं तरी.

उडवायचं कुठं? डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा आहे, मोबाईलवर दिसतो. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची, लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा पिवळा असतो, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक. शिर्डीचं विमानतळ काकडी गावात आहे, तेव्हा कोपरगाव-राहात्याकडच्या पोरांनी नकाशा बघितल्याशिवाय बॅटरीच लावू नये. यात्रा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असला की प्रशासन वेगळी बंदी घालतं, ती हिरव्या भागालाही लागू होते.

रात्री तर उडवूच नका. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्हा आणि मराठवाड्यातल्या कित्येक गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी झोप उडवली होती. चोर टेहळणी करतात म्हणून लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते. अशा वातावरणात कुणाच्या पोरानं गंमत म्हणून ड्रोन वर सोडला तर मार कुणाला बसेल सांगता येत नाही. दिवसाही उडवायचा तर पोलीस पाटलांच्या कानावर घातलेलं बरं. शेजारच्या अंगणावर, न्हाणीवर, नदीवर धुणं धुणाऱ्या बायांवर कॅमेरा फिरवला तर ड्रोनच्या नियमांपलीकडचा गुन्हा अंगावर येतो.

आपल्याकडचा मोठा धोका विजेच्या तारांचा. ड्रोन आपोआप परत येण्याची सोय असेल तर परतीची उंची तारा आणि नारळाच्या झाडापेक्षा वर ठेवा. तारेत अडकला तर बांबूनं काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, महावितरणच्या लाइनमनला फोन करा. ड्रोन दहा-वीस हजारांचा असेल, जीव नाही. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही आणि रात्रभर चार्जिंगवर ठेवून झोपायचंही नाही. ड्रोन कायम डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरावर ठेवा. हेलिकॉप्टर दिसलं की लगेच खाली घ्या.

विकत घेताना बिल मागा. तयार विदेशी ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संशोधन-संरक्षणासारखी कामं सोडून. 'बाहेरचा माल, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलेला ड्रोन नोंदवताना अडचण येते. नियम मोडले तर दंड १ लाख रुपयांपर्यंत आहे. आणि अपघात झाला तर ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं.