राणीचं नाव, नोआची टेकडी

घायपात म्हटलं की आपल्याला शेताच्या बांधावरचं काटेरी कुंपण आठवतं. मेक्सिकोतल्या तिच्या एका बहिणीला मात्र राणी व्हिक्टोरियाचं नाव मिळालं. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमधल्या थॉमस मूर यांनी १८७५ मध्ये ते दिलं: अगावे व्हिक्टोरिए-रेजिनी.

तिचं घर म्हणजे चिवावा वाळवंटातले चुनखडीचे उभे कडे. तिथं तिला ‘नोआ’ म्हणतात. पानांवरच्या पांढऱ्या रेघांपायी ती कुंड्यांसाठी उपटली गेली. ती आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. त्याआधीच उपटली, तर बी कुठून पडणार? म्हणून आता तिच्या परदेशी व्यापारावर साइटिस कराराचं नियंत्रण आहे.

कोडमध्ये मी नाव बदललं की जुनं पुसलं जातं. इथं तसं झालं नाही. तोर्रेओन शहरातली टेकडी आजही ‘सेर्रो दे लास नोआस’, नोआंची टेकडीच आहे.