अब्राहम कायपर: शाळांच्या भांडणातून पंतप्रधान झालेले पाद्री

नेदरलँड्समध्ये आज बहुतांश मुलं खासगी संस्थांच्या शाळांत शिकतात आणि त्यांचा खर्च सरकार उचलतं. या व्यवस्थेमागे अब्राहम कायपर यांचा कित्येक वर्षांचा लढा आहे.

१८३७ मध्ये पाद्र्याच्या घरात जन्मलेले कायपर लायडन विद्यापीठात शिकले ते उदारमतवादी धर्मविचार घेऊन. १८६३ मध्ये बेस्ड या खेड्यात नेमणूक झाली. तिथल्या पीत्ये बाल्टस या गिरणीवाल्याच्या मुलीने नव्या पाद्र्यांशी हात मिळवायलाच नकार दिला, कारण त्यांची शिकवण तिला खरी वाटत नव्हती. चिडण्याऐवजी कायपर तिचं ऐकत गेले आणि कट्टर कॅल्विनपंथी झाले. (कॅल्विन म्हणजे सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट धर्मसुधारक.)

तेव्हा सरकारी शाळा करातून चालत. धार्मिक शाळा हवी असेल तर पालकांनी वेगळे पैसे मोजायचे. गरिबाने काय करायचं? १८७८ च्या कायद्याने या शाळांचा खर्च आणखी वाढणार होता. विरोधात ३ लाखांहून जास्त सह्या जमल्या, तरी राजाने कायदा मंजूर केला. पुढच्याच वर्षी कायपर यांनी अँटी-रिव्होल्युशनरी पार्टी काढली. हा देशातला पहिला संघटित राजकीय पक्ष. 'द स्टँडार्ड' हे दैनिक १८७२ पासून हाताशी होतंच. १८८० मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये 'फ्री युनिव्हर्सिटी'ही उभारली. कुटुंब, चर्च, शिक्षण यांचा अधिकार थेट देवाकडून येतो, सरकारने त्यात ढवळाढवळ करू नये, असा त्यांचा सिद्धांत होता.

१९०१ मध्ये ते पंतप्रधान झाले. ज्यांना ते 'छोटी माणसं' म्हणत, त्यांच्या मतांवर. पण १९०३ मध्ये रेल्वे कामगार संपावर गेले, तेव्हा याच सरकारने त्यांच्या संपावर बंदी आणली. विरोधकांनी त्यांना 'गळा आवळणारे कायदे' म्हटलं. १९०५ मध्ये सत्ता गेली.

सरकारी आणि धार्मिक शाळांना समान अनुदान १९१७ च्या घटनादुरुस्तीत मिळालं. कायपर ते पाहायला होते. १९२० मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या वारशाला एक काळी बाजूही आहे. १८९८ च्या प्रिन्स्टनमधल्या व्याख्यानांत आफ्रिकी लोकांना कमी लेखणारी विधानं आहेत. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या काही धर्मशास्त्रज्ञांनी त्यांचा सिद्धांत वंशांना लावून वर्णभेदाचं समर्थन केलं. वर्णभेदाविरुद्ध लढणारे तिथलेच पाद्री ॲलन बुसाक यांनीही मात्र कायपर यांचाच आधार घेतला.