न दुखणारे दुखणे

माझ्या आजीचे पहिले मूल सातव्या महिन्यातच झाले आणि गेले. ‘काही दुखत नव्हते गं, दृष्ट लागली,’ एवढेच ती सांगे. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. आजीच्या पेडण्यात मात्र बाळंतपण वयजिणीच्याच हाती.

बायकांची न सांगितलेली दुखणी राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत मोजली आणि १९८९ साली मांडली. तपासलेल्या ६५० जणींपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग. तक्रार फक्त ५५ टक्क्यांची.

गरोदरपणातही योनीमार्गातला जंतुसंसर्ग पुष्कळदा कळतच नाही. काही प्रकारांत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. आजीचे तेच झाले असे मी म्हणत नाही. सरसकट सगळ्यांना औषध लागते असेही नाही. पण आधीचे मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर बायांनो, पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा. दुखत नाही म्हणून गप्प बसू नका.