दिनविशेष : ४ डिसेंबर – शिंद्यांच्या फौजेतले 'सिकंदरसाहेब'

हान्सी (आजचा हरियाणा) येथे १८४१ साली याच दिवशी कर्नल जेम्स स्किनर ऊर्फ 'सिकंदरसाहेब' यांचे निधन झाले. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. तेवढ्यानेच कंपनीच्या पलटणीचे दार त्यांना बंद झाले. हिंदी आईच्या मुलांना नोकरीत घेऊ नये, असा हुकूम १७९१ मध्येच निघाला होता.

मग त्यांनी महादजींनी उभारलेल्या शिंद्यांच्या कवायती फौजेत चाकरी धरली. उणियाराच्या लढाईत गोळी लागून ते रणांगणातच पडून राहिले, तेव्हा एका स्त्रीने भाकर-पाणी दिले. वाचलो तर चर्च बांधीन, हा नवस तिथलाच.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच शिंद्यांच्या फौजेनेही त्यांना नारळ दिला, कारण बाप गोरा! दोन घरचा पाहुणा तो हाच. इंग्रजांना मात्र आता घोडेस्वार हवे होते, त्यामुळे हुकूम सोयीने बाजूला पडला आणि पिवळ्या अंगरख्यांचे 'स्किनर्स हॉर्स' उभे राहिले.

दिल्लीत काश्मिरी गेटपाशी नवसाचे सेंट जेम्स चर्च १८३६ मध्ये पूर्ण झाले. आठवणी मात्र सिकंदरसाहेबांनी फारसीत लिहिल्या. त्यांचे घोडदळ आजही भारतीय लष्करात आहे, रणगाड्यांसह.