क्लबातून नारळ आणि कोर्टाची पायरी

क्लबाने हाकललं आणि सभासद कोर्टात गेला, तर जज्जसाहेब आधी काय विचारतील? आपल्याला वाटतं, 'चूक कोणाची?' पण मंडळी, इथेच तर खरी गंमत आहे. कोर्टं हा प्रश्न शक्यतो टाळतात. तीन जुने खटले बघा.

पहिला १८८१ चा, लंडनच्या ट्रॅव्हलर्स क्लबचा. कर्नल डॉकिन्स यांनी एका लेफ्टनंट जनरलला पत्रक पाठवलं आणि त्याच्या वेष्टनावरच त्याच्या 'अप्रतिष्ठित वर्तना'चा मथळा छापला. टपालवाल्यानेही वाचावं म्हणून! क्लबाने कर्नलना नारळ दिला. ते म्हणाले, मी सभासद झालो तेव्हा हकालपट्टीचा नियमच नव्हता, तो मागाहून घातलाय. कोर्ट म्हणालं, नियम बदलायची सोय नियमांतच होती आणि क्लब प्रामाणिकपणे वागला. खेळ खलास.

दुसरा १९२० चा. लेडीज इंपीरियल क्लबच्या कमिटीने मिसेस यंगना काढलं. पण कमिटीवरच्या अ‍ॅबरकॉर्नच्या डचेसना बैठकीची नोटीसच गेली नव्हती. कारण? 'मला यायला जमणार नाही' असं त्यांनीच आधी कळवलं होतं! तरी अपील कोर्टाने हकालपट्टी रद्द ठरवली.

तिसरा आपल्या जवळचा. बेळगावच्या फ्रीमेसन मंडळींच्या लॉज व्हिक्टोरियाने एका सभासदाला काढलं. भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९६२ साली न्या. सुब्बा राव यांनी सांगितलं की सभासद होणं म्हणजे करार करणं, आणि काढायचा अधिकार त्या करारातूनच येतो. कोर्ट इथे अपील ऐकायला बसलेलं नाही. अधिकार होता का, हेतू प्रामाणिक होता का, नैसर्गिक न्याय पाळला का, एवढंच ते बघणार. सभासद हरला.

आता यात अन्याय होऊ शकतो का? होतोच की. कागदपत्रं चोख ठेवून कमिटी एखाद्या भल्या माणसाला घालवू शकते, आणि एका नोटिशीपायी खरा उपद्रवी परत येऊ शकतो. पण कोणी कोणाशी पत्ते खेळायचे हे जज्जने ठरवणं मला त्याहून भयंकर वाटतं.

असो. जिमखान्याकडून 'घटनादुरुस्ती'ची नोटीस आली तर ती न वाचता फेकू नका. तुमच्याच विरुद्ध लागणारा नियम त्यात असू शकतो. कर्नलसाहेबांना विचारा!